घानात मंडळी स्थापन करायला निघण्याआधी

प्रभूच्या नावानं सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या मंडळीतली दोन तरुण जोडपी घानाच्या उत्तर भागात सुवार्तेच्या कामाला जायला तयार आहेत, मंडळीनं तीन वर्षांचा खर्च उचलायचं ठरवलं आहे, तेवढ्या काळात निदान पाच मंडळ्या उभ्या राहाव्यात अशी वडीलमंडळाची अपेक्षा आहे, आणि सुरुवात कशी करावी हे तुम्हाला हवं आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून देतो. जोडपी जरूर पाठवा. पाच हा आकडा मात्र ठरावातून काढून टाका. त्यांना स्वतंत्र काम उभं करायला न पाठवता तिथल्याच एखाद्या मंडळीच्या हाताखाली पाठवा, आणि पहिलं वर्ष फक्त भाषा शिकण्यासाठी द्या. उमेदीची बरीच वर्षं मी घानाच्या उत्तरेत साक्षरतेचे वर्ग आणि खेड्यापाड्यांतल्या लहान मंडळ्या यांच्यात काढली. तिथं जे टिकलेलं पाहिलं ते तिथल्याच माणसांनी उभं केलेलं होतं. देशाचा इतिहासही तेच सांगतो, आणि तो तुमच्या वडीलमंडळानं ठराव करण्यापूर्वी ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, घाना हा सुवार्ता न पोचलेला देश नाही. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ३ कोटी ८ लाखांच्या आसपास भरली. त्यात ख्रिस्ती ७१ टक्क्यांहून थोडे अधिक, मुस्लिम सुमारे २० टक्के, आणि पूर्वजांचा पारंपरिक धर्म पाळणारे ३ टक्क्यांच्या थोडे वर. राजधानी आक्रा आणि दक्षिणेतलंच मोठं शहर कुमासी इथं दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा बायबलची वचनं दिसतात. तिथल्या मंडळ्या स्वतःच युरोप-अमेरिकेत सेवक पाठवतात. दक्षिणेकडच्या शहरांत भारतातून कुणी जाऊन नवी मंडळी काढणं म्हणजे दुसऱ्याच्या मंडळीतली माणसं आपल्याकडे वळवणं. ते काम करू नका.

उत्तरेचं चित्र वेगळं आहे, आणि तेही एकसारखं नाही. तामाले आणि येंडी हा दागोंबा लोकांचा मुलूख, तिथं इस्लाम शतकानुशतकं रुजलेला आहे. वायव्येला दागाबा लोकांमध्ये कॅथॉलिक मंडळी फार मोठी आहे. कोंकोंबा, कुसासी, माम्प्रुसी, फ्राफ्रा, कासेना अशा प्रत्येक समाजाची भाषा निराळी, गावाची रचना निराळी, मुख्याशी, म्हणजे गावच्या पारंपरिक प्रमुखाशी, असलेलं नातं निराळं. तेव्हा ‘उत्तर घाना’ असं लिहून भागत नाही. कोणता समाज, कोणती भाषा, कोणता तालुका, हे ठरल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.

उत्तर मागे का राहिली? किनाऱ्यापासून अंतर मोठं, मधे दाट जंगल. शिवाय ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उत्तरेत मिशनांना मोकळं रान दिलं नाही. म्हणून उत्तरेतलं सुरुवातीचं काम समुद्राकडून आलंच नाही, ते आजच्या बुर्किना फासोकडून, म्हणजे फ्रेंच मुलखातून खाली उतरलं. १९०६मध्ये व्हाइट फादर्स हे कॅथॉलिक मिशनरी वागाडुगूच्या बाजूनं नाव्रोंगोला आले. १९३१मध्ये असेंब्लीज ऑफ गॉडचं शायरर दांपत्य त्याच बाजूनं येंडीला पोचलं. नाव्रोंगोचं मातीचं कॅथेड्रल आजही उभं आहे. आतल्या भिंतींवरची नक्षी तिथल्या बायकांनी आपल्या घरांच्या भिंती रंगवतात तशीच रंगवली आहे. जमलं तर जोडप्यांना एकदा तिथं घेऊन जा.

आता किनाऱ्याचा इतिहास. तो जरा तपशिलानं सांगतो, कारण तुमच्या योजनेत जे धोके आहेत ते सगळे तिथं आधीच घडून गेले आहेत.

स्वित्झर्लंडचं बासेल मिशन आपल्याला परकं नाही. १८३४पासून मंगळुराला काम करणारी हीच संस्था. कोकणातल्या घरांवर जी मंगळुरी कौलं चढली त्यांचा पहिला कारखाना तिचाच. धारवाड-हुबळीकडे काम करताना त्या भागाला ती ‘दक्षिण मराठा’ क्षेत्र म्हणायची. या मिशननं १८२८मध्ये चार तरुण गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, आक्राजवळच्या ओसूला उतरवले. वर्षभरात तिघे तापानं गेले, १८३१मध्ये चौथाही गेला. १८३२मध्ये आणखी तिघे आले. त्यांतला एक तर डॉक्टर होता. काही महिन्यांत डॉक्टरासकट दोघे दगावले आणि आंद्रेआस रीस एकटा उरला. त्याला ज्या तापातून उठवलं तो उपचार एका स्थानिक वैद्याचा होता. रीस १८३५मध्ये डोंगरावरच्या अक्रोपाँगला जाऊन राहिला. लोकांनी त्याला जीव लावला. पण १८४०मध्ये तो परत निघाला तेव्हा एकाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. बासेलच्या समितीत काम बंद करण्याची भाषा सुरू झाली.

अक्रोपाँगचे राजे नाना आडो डांक्वा यांनी रीसला निरोप देताना सांगितलेली गोष्ट तिथं आजही सांगतात. तिचा आशय असा: हा ग्रंथ देवानं गोऱ्यांना दिला असेल, पण तो वाचणारी, मानणारी काळी माणसं आम्हाला दाखव, मग आम्ही तुझं ऐकू. बासेल मिशननं ते मनावर घेतलं. १८४३मध्ये कॅरिबियनमधल्या जमैका आणि अँटिग्वा बेटांवरून मोराव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीतली २४ माणसं अक्रोपाँगला आली. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्यांचे ते वंशज. बायकामुलांसह आले, घरं बांधली, शेतं केली, आंब्याची आणि इतर रोपं लावली. त्यांच्यात रुसवेफुगवे झाले, मिशनशी भांडणं झाली, काही जण परतही गेले. पण जी कुटुंबं राहिली त्यांनी मंडळी धरून ठेवली. पुढे १९१७मध्ये पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी बासेलच्या मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. मग स्कॉटलंडचं मिशन मदतीला आलं खरं, पण मधल्या काळात गावोगावच्या मंडळ्या पाळक आणि शिक्षक असलेल्या तिथल्याच माणसांनी सांभाळल्या. १९१८मध्ये पहिली सिनड, म्हणजे मंडळ्यांची मुख्य सभा, भरली. तिचे पहिले मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, पीटर हॉल आणि पहिले चिटणीस निकोलस टिमथी क्लर्क, दोघेही त्या जमैकन कुटुंबांची मुलं.

किनाऱ्यावरच्याच केप कोस्ट शहराचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथल्या किल्ल्यातल्या शाळेत शिकलेले काही फांटी तरुण १८३१च्या सुमारास एकत्र बसून बायबल वाचू लागले. कुणी मिशनरी जवळ नव्हता. त्यांनी पॉटर नावाच्या जहाजाच्या कप्तानाकडे बायबलच्या प्रती मागितल्या. तो निरोप इंग्लंडला गेला आणि १८३५च्या आरंभी मेथडिस्ट मंडळीचा जोसेफ डनवेल आला. सहा महिन्यांत तो वारला. त्या तरुणांनी वाचन थांबवलं नाही. १८३८मध्ये थॉमस बर्च फ्रीमन आला, त्याचे वडील आफ्रिकन वंशाचे आणि आई इंग्रज. तो दीर्घकाळ जगला आणि १८३९मध्ये असांतेंच्या राजधानीत, कुमासीत, पोचला. फ्रीमनचं काम थोर आहे यात शंका नाही. पण मंडळी त्याच्या आधीपासून होती, ती त्या वाचकांच्या बैठकीत जन्मली होती.

बाहेरच्या माणसानं काय करावं याचा उत्तम नमुना मला योहान गॉटलीब क्रिस्टालरमध्ये दिसतो. त्यानं फारशा मंडळ्या स्थापन केल्या नाहीत. तो १८५३मध्ये आला, दक्षिणेतल्या अकान लोकांच्या ट्वी भाषेत बुडाला, आणि डेव्हिड आसांते, थिओफिलस ओपोकु अशा तिथल्या सहकाऱ्यांबरोबर बसून १८७१मध्ये पूर्ण ट्वी बायबल छापून आणलं. १८७५मध्ये व्याकरण, १८७९मध्ये साडेतीन हजारांहून अधिक म्हणींचा संग्रह, १८८१मध्ये शब्दकोश. धर्मप्रचाराला म्हणींचा काय उपयोग, असं तुमच्या वडीलमंडळात कुणी विचारील. अकान समाजात म्हण माहीत नसलेल्याला पोक्त माणूस मानत नाहीत, आणि पंचांसमोर त्याचं कुणी ऐकत नाही. क्रिस्टालरनं आधी ऐकून घेतलं, म्हणून त्याच्या मागून आलेल्या अकान उपदेशकांना बोलायला स्वतःची भाषा मिळाली.

याच मिशननं एक गोष्ट अशी केली की तिचा त्रास पुढे पिढ्यानपिढ्या झाला. ख्रिस्ती झालेल्यांसाठी गावाबाहेर वेगळी वस्ती वसवली, तिला सेलम म्हणत. सरळ रस्ते, शाळा, चर्च, शिस्त, सगळं नीटनेटकं. पण माणूस ख्रिस्ती झाला की तो गावातून उठून सेलममध्ये जाणार, आणि गावाच्या दृष्टीनं तो मुख्याच्या हुकमातून सुटलेला, नातेवाइकांतून तुटलेला. आपल्याकडच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या जोडप्यांनी कुणालाही त्याच्या वाड्यातून, वस्तीतून, भाऊबंदांतून उठवून आपल्याजवळ आणू नये. घरातल्या छळामुळे कुणाच्या जिवावरच बेतलं तर गोष्ट वेगळी. एरवी माणूस जिथं आहे तिथंच राहून विश्वासात वाढला पाहिजे.

बाप्तिस्मा कधी द्यावा, असंही तुम्ही विचारलं आहे. यावर पश्चिम आफ्रिकेनं दोन टोकं पाहिली आहेत. लायबेरियाचा विल्यम वेड हॅरिस १९१३मध्ये पांढरा झगा घालून, हातात बांबूचा क्रूस, तुंबा आणि बायबल घेऊन अनवाणी निघाला. आयव्हरी कोस्ट ओलांडून १९१४मध्ये तो घानाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अॅक्सिमच्या परिसरात आला. लोक आपल्या मूर्ती आणि ताईत जाळत आणि तो त्यांना तिथल्या तिथं बाप्तिस्मा देई. थोडक्या काळात लाखाच्या घरात माणसं आली. फ्रेंचांनी त्याला हद्दपार केलं. जाताना तो लोकांना सांगून गेला की बायबल घेऊन शिक्षक येतील, त्यांची वाट पाहा. लोकांनी आपापली प्रार्थनाघरं बांधली आणि खरोखरच वाट पाहिली. १९२३-२४मध्ये मेथडिस्ट विल्यम प्लॅट आयव्हरी कोस्टला पोचला तेव्हा त्याला हजारोंच्या संख्येनं वाट पाहत असलेली माणसं भेटली.

दुसरं टोक जिरापाचं. १९२९मध्ये फादर रेमीजियस मॅकॉय आणि त्यांचे सोबती दागाबा मुलखात जिरापाला आले आणि रोग्यांची शुश्रूषा करू लागले. १९३२मध्ये पाऊस लांबला, पिकं करपू लागली. गावकरी प्रार्थना करा म्हणत आले, प्रार्थना झाली आणि पाऊस पडला. मग एकामागून एक गावं दारात येऊ लागली. पण व्हाइट फादर्सच्या शिस्तीत बाप्तिस्म्यापूर्वी चार वर्षांचं शिक्षण असे, आणि या गर्दीपुढेही त्यांनी ते शिक्षण सोडलं नाही. गावागावांतून तरुण निवडून त्यांनाच शिकवणारे केलं. त्या प्रदेशातून पुढे धर्मगुरू आणि बिशपही निघाले.

माझं मत जिरापाच्या बाजूनं झुकतं. हॅरिसचा मान मी कमी लेखत नाही, तो प्रभूनं उठवलेला माणूस होता. पण हॅरिसच्या मागे राहिलेल्या लोकांनी जी वर्षं शिक्षकांविना काढली, त्यांत कितीजण भरकटले याचा हिशेब कुणाकडे नाही. तुमची जोडपी हॅरिसही नाहीत आणि तीन वर्षांनी ती परतणार आहेत. म्हणून बाप्तिस्मा देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेऊच नये. ते तिथल्या पाळकाचं काम. तो पाळक त्या माणसाला पुढची वीस वर्षं ओळखणार आहे.

आता प्रत्यक्ष गावात काम कसं चालतं ते सांगतो.

नव्या गावात सरळ जाऊन बसायचं नसतं. ओळखीच्या माणसाकरवी आधी मुख्याला निरोप द्यायचा. उत्तरेत कोलाच्या, चघळून खायच्या बिया घेऊन जातात. काही ठिकाणी त्याबरोबर गिनी फाउल, म्हणजे चित्रकोंबडी. मुख्याशी थेट बोलायचं नसतं, मधे त्याचा माणूस असतो, त्याच्यामार्फत बोलायचं. आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो, हे सगळं खरं सांगायचं. शाळा काढायला आलो असं सांगून मागून प्रार्थना सुरू करणं हे खोटं आहे आणि ते उघडकीस आल्याशिवाय राहत नाही. जमिनीची गोष्ट आणखी वेगळी. अपर ईस्ट आणि अपर वेस्ट या उत्तरेतल्या प्रांतांत जमिनीचा धार्मिक अधिकार तिंदाना नावाच्या भूमिपुजाऱ्याकडे असतो, मुख्याकडे नाही. मुख्यानं हो म्हटलं म्हणून झोपडी बांधायला घेतली आणि तिंदानाला विचारलंच नाही, तर गावात फूट पडते आणि तिचं खापर मंडळीवर फुटतं. पहिली काही वर्षं जागा मागूच नये. कडुनिंबाखाली, शेंगा येणाऱ्या डावाडावाच्या झाडाखाली किंवा एखाद्याच्या अंगणात बसता येतं.

पाऊस एकाच मोसमात पडतो, साधारण मे ते ऑक्टोबर. त्या काळात माणसं शेतात असतात. जून ते ऑगस्टमध्ये घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि लोक उपाशीपोटी राबत असतात. तेव्हा सभा लावणं निर्दयपणाचं आहे. त्या दिवसांत कोळपणीला जावं. बाजार आठवड्याच्या वारानं भरत नाहीत, कुठं दर तिसऱ्या दिवशी, कुठं दर सहाव्या दिवशी भरतात. त्यामुळे रविवारी बाजार आला की मंडळी रिकामी. त्यावर चिडू नये, उपासना पहाटे घ्यावी.

वाचता न येणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या भाषेतल्या वचनांची ध्वनिमुद्रणं ऐकवून गट सुरू करणं ही चांगली वाट आहे. दहा-बारा माणसं बसतात, एक भाग ऐकतात, मग ज्याला जे समजलं ते तो सांगतो. इथं बाहेरच्यानं गप्प राहणं शिकलं पाहिजे. गटातला जो माणूस न सांगता दुसऱ्याच्या घरी जाऊन आजाऱ्याची चौकशी करतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. पुढचा वडील बहुतेक तोच असतो, मग त्याला इंग्रजी येवो न येवो. जोडीला साक्षरतेचा वर्ग. तामालेतली भाषा, साक्षरता आणि बायबल भाषांतर यांना वाहिलेली जी घानातलीच संस्था आहे, जिला सगळे तिच्या आद्याक्षरांवरून ‘गिलबट’ म्हणतात, तिनं १९६०च्या दशकापासून उत्तरेतल्या कितीतरी भाषांना लिपी, वाचनमाला आणि पवित्र शास्त्र दिलं. तिच्या वर्गांत मुस्लिमही येतात, पारंपरिक धर्माचेही येतात. त्यांनी फक्त अक्षरं घेऊन जावं असं वाटलं तर तेवढंच घेऊन जाऊ द्यावं.

गाणं हा विषय मी शेवटी टाकणार होतो, पण खरं तर तो वर हवा. फांटी मेथडिस्टांमध्ये एबिबिंद्वोम नावाचा गानप्रकार आहे. पाळकाचा उपदेश चालू असताना मागच्या बाकावरची एखादी आजीबाई, जिला अक्षर वाचता येत नाही, मधेच गाऊ लागते. उपदेशातला जो धागा तिच्या मनाला लागला त्यावरच ती पद रचते आणि अख्खी मंडळी साथ देते. पाळक थांबतो, गाणं संपलं की पुढे बोलतो. दागाबा कॅथॉलिकांनी आपला लाकडी पट्ट्यांचा बालाफोन उपासनेत आणला. आणि अक्रोपाँगच्याच कॉलेजात एफ्रेम आमु नावाचा संगीत शिकवणारा शिक्षक देशी कापड अंगावर घेऊन उपदेशाला उभा राहिला म्हणून १९३३मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. आज तो देशातला सर्वांत आदरणीय संगीतकार मानला जातो. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, तेव्हा मराठी मंडळीचा गळा मोकळा झाला. हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांनी तिथं जाऊन मराठी किंवा इंग्रजी कोरस शिकवत बसू नये. त्यांच्यातल्या गाणाऱ्यांना शोधावं.

सर्वांत कठीण प्रसंग लग्नाचा नसतो, बाप्तिस्म्याचाही नसतो. तो अंत्यविधीचा असतो. उत्तरेत मोठ्या माणसाचे अंत्यविधी कोरड्या मोसमात अनेक दिवस चालतात आणि त्यात पूर्वजांना बळी देण्याचा भाग असतो. थोरला मुलगा ख्रिस्ती झालेला असला तर सगळं गाव त्याच्याकडे पाहतं. त्यानं पाठ फिरवली तर बापाला टाकलं असं होतं. सगळं निमूट केलं तर त्याच्या विश्वासाचं काय? विधवांवर जे विधी लादले जातात त्यांचाही प्रश्न इथंच येतो. बाहेरच्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही आणि त्यानं देऊ नये. तिथल्या वडिलांनी एकत्र बसून ठरवलेलं मी पाहिलं आहे: कबर खणणं, पाहुण्यांना जेवू घालणं, रात्रभर जागणं, धान्य देणं, हे सगळं ख्रिस्ती मुलानं इतरांपेक्षा जास्त करायचं. बळीच्या वेळी मात्र चुलत भावानं पुढे व्हायचं, आणि हे आधीच भावकीला सांगून ठेवायचं. काही घरांनी मान्य केलं, काहींनी केलं नाही.

इथं तुमच्या जोडप्यांजवळ एक खरी पुंजी आहे. गावात चार घरं आपली आणि बाकी सगळं गाव दुसऱ्या श्रद्धेचं, सख्खे काका-मामा वेगळ्या देवाचे, सणाच्या जेवणाला जावं की नाही, दहाव्याला बसावं की नाही, हे प्रश्न मराठी ख्रिस्ती माणूस जन्मापासून जगतो. आक्राहून उत्तरेत गेलेल्या घानाच्या सुवार्तिकालाही ते इतके जवळून ठाऊक नसतात, कारण त्याच्या आजूबाजूला बहुतेक ख्रिस्तीच. याबद्दल बोलावं, पण विचारल्यावर. तामालेत हिंदी सिनेमे आवडीनं पाहिले जातात, त्यामुळे भारतीय म्हटलं की गप्पा लगेच सुरू होतात. दागोंबा मुस्लिम शेजारी दार उघडून आत बोलावतील. त्यांच्याशी शेजारधर्मानं राहा, त्यांच्या धर्माबद्दल कधी हलकं बोलू नका. १९९४मध्ये कोंकोंबा आणि नानुंबा यांच्यात जमीन आणि मुख्यपदाच्या हक्कावरून पेटलेला संघर्ष दागोंबा मुलखातही पसरला, फार माणसं मेली. अशा ठिकाणी बाहेरच्यानं सैल जिभेनं बोललेलं वाक्य फार महाग पडतं.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. पाळकाचा पगार भारतातून देऊ नका. पत्र्याचं छप्पर, मोटरसायकल, ध्वनिक्षेपक यांची आश्वासनं देऊ नका. घानातल्या आजच्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी एक, चर्च ऑफ पेंटेकॉस्ट, हिचं मूळ काम १९३७मध्ये आलेल्या जेम्स मॅकिओनबरोबर वाढलं. ब्रिटनमधलं ओकचं झाड या मातीत वाढणार नाही, इथलंच झाड लावलं पाहिजे, अशा आशयाचं तो म्हणे. बाहेरच्या पैशावर त्यानं काम उभं केलं नाही. दशांश तिथलाच, वडील तिथलेच, प्रार्थनेला जमणाऱ्या बायका तिथल्याच. बाजारात भुईमूग विकणाऱ्या बाईनं दिलेल्या नाण्यांतून जी भिंत उठते ती पडली तर तीच बाई पुन्हा उभी करते. तुमच्या मंडळीला काही द्यायचंच असेल तर साक्षरतेची पुस्तकं छापण्याचा खर्च द्या, किंवा तिथल्या एखाद्या होतकरू सेवकाचं भाषांतराचं शिक्षण. तेही तिथल्या मंडळीच्या हातून, तिच्या हिशेबात.

पाच मंडळ्यांऐवजी काय मोजावं असं वडीलमंडळ विचारणारच. तीन वर्षांनी मी हे विचारीन: दोघी बहिणी आणि दोघे भाऊ दुभाष्याशिवाय विहिरीवर, बाजारात, मयतीला बोलू शकतात का? ज्या गटात ते बसतात तो गट ते नसताना जमतो का? त्यांच्याकडून वाचायला शिकलेला कुणी आता दुसऱ्याला शिकवतो का? आणखी एक शक्यता मनात धरा. उत्तरेतल्या हजारो मुली आक्रा-कुमासीच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहतात, त्यांना कायायेई म्हणतात. १९८०च्या दशकात घाना इव्हँजेलिझम कमिटीनं देशभरच्या मंडळ्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हापासून दक्षिणेत आलेल्या या उत्तरेकडच्या माणसांकडे तिथल्या मंडळ्यांचं लक्ष जाऊ लागलं. त्यांच्या भाषेत उपासना सुरू झाल्या. शहरात विश्वास ठेवलेली मुलगी गावी परतते आणि आईच्या अंगणात गट सुरू होतो. तिथल्या पाळकांनी तुमच्या एका जोडप्याला गावाऐवजी अशा वस्तीत ठेवायचं म्हटलं, तर हरकत घेऊ नका.

कागदपत्रांचं पाहा. मंडळीला किंवा संस्थेला तिथं कायदेशीर नोंदणी लागते आणि परदेशी सेवकाला निवासी परवाना. तुम्ही तिथल्या नोंदणीकृत मंडळीच्या आमंत्रणावरून गेलात तर हे तिच्यामार्फत होतं. पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा करू नका. व्हिसाच्या अर्जावर खोटं लिहून सुरू झालेल्या सेवेबद्दल प्रभूजवळ आशीर्वाद कोणत्या तोंडानं मागणार?

तब्येतीच्या बाबतीत कुणाच्या विश्वासाची परीक्षा पाहू नका. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा आहे. तो वेळेत ओळखला नाही तर दोन दिवसांतही माणूस जाऊ शकतो. बासेलची पोरं ज्यानं गेली त्या तापावर आज गोळ्या आहेत, मच्छरदाण्या आहेत, जागेवर करायच्या चाचण्या आहेत. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, प्रार्थना त्याबरोबर. कोरड्या मोसमात उत्तरेत मेनिंजायटिसच्या साथी येतात, त्याची लस जाण्यापूर्वीच घ्यावी. नालेरिगूला १९५८पासून चालणारं बॅप्टिस्ट मेडिकल सेंटर आहे. त्या बाजूला राहणार असाल तर तिथं पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो हे आधी पाहून ठेवा.

ऑक्टोबरअखेर पोचतील असं बघा. पाऊस थांबलेला असतो, रस्ते कोरडे होतात, कापणी आटोपत आलेली असते आणि माणसांना बोलायला सवड असते. डिसेंबरपासून सहारातून धुळीचा हरमाटान वारा सुटतो, त्याआधी महिनाभर तरी भाषेच्या घरी मुक्काम झालेला बरा. भाषेच्या घरी म्हणजे एखाद्या कुटुंबातच, गेस्ट हाउसमध्ये नको. आणि दोन्ही जोडपी एकाच घरात नकोत, नाहीतर संध्याकाळी मराठीच बोलत बसतील. येलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी मुंबईतल्या अधिकृत केंद्रात घ्यायची. त्याचं कार्ड घानात शिरताना लागतं आणि परतताना आपल्या विमानतळावरही. ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. बरोबर लेकरं असतील तर त्यांच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना आताच विचारा.